हुणसेकेरेची ओवाळणी

हुणसेकेरे लेआउट, बेंगळूर
२० जानेवारी १९९६

चि. सौ. उल्का हिला हेमावती आत्याचे अनेक आशीर्वाद.

तिळगुळाचा डबा वेगळा पाठवला आहे. त्यात खोबऱ्याचे तुकडे आणि फुटाण्याची डाळ दिसेल. सासूबाईंनी नाक मुरडलं तर सांग, हाही तिळगूळच आहे, फक्त बेंगळूरचा. आमची मराठी जशी तुम्हा पुणेकरांना ऐकवत नाही, तसाच आमचा तिळगूळ.

आता मुद्द्याचं. तुझ्या वडिलांचं, म्हणजे आमच्या अण्णाचं नवीन खूळ तुझ्या कानावर आलं का? नसेल तर माझ्याकडून ऐक, कारण पेपरवाले मीठमसाला लावतील. ज्या हंबीररावानं उभ्या आयुष्यात लॉऱ्या भरभरून माती ओतली आणि हे हुणसेकेरे तळं बुजवलं, तोच आता म्हणतो, तळं परत द्या. 'केरे परत समिती' काढली आहे. तुझ्या विद्याधररावांना सांग, हुणसे म्हणजे चिंच आणि केरे म्हणजे तळं. लॉऱ्या विकून टाकल्या. खांद्यावर ओला पंचा घेऊन दारोदार हिंडतो आणि लोकांना सांगतो, 'तुम्ही पाण्याच्या उरावर झोपला आहात, उठा.' मागे वीस-पंचवीस माणसं असतात, प्रत्येकाच्या हातात मातीची घागर. बोलत कुणीच नाही. मागच्या महिन्यात त्यांनी बस स्टँडजवळचा नाला फोडला, कारण तिथंही पूर्वी तळं होतं म्हणे. दुकानांत पाणी शिरलं, एक म्हातारी पडून तिचा खुबा मोडला. पोलिसांनी अण्णाला धरून नेलं आणि संध्याकाळी सोडलं. बिल्डरच्या लोकांनी मारलं ते वेगळंच.

मी हसत होते, उल्का. सौ चूहे खाऊन मांजर काशीला निघालं, असं त्याच्या तोंडावर म्हणाले. पण संक्रांतीला तो माझ्या दाराशी आला आणि पायरीवरच बसला. आत ये म्हटलं तर आला नाही. म्हणाला, "हेमा, हे घर परत दे."

तुला ठाऊक आहे, आमचे हे गेले त्या वर्षी भाऊबीजेला अण्णानं माझ्या ताटात या घराची किल्ली टाकली होती. ओवाळणी परत मागणारा भाऊ तू कुठं पाहिलास का? मी त्याला चहाही दिला नाही. तो गेल्यावर मात्र फार वाईट वाटलं.

विद्याधररावांना आशीर्वाद.
तुझी आत्या


पुणे
९ फेब्रुवारी १९९६

तीर्थरूप आत्यास उल्काचा शिरसाष्टांग नमस्कार.

तिळगूळ मिळाला आणि सासूबाईंनी चक्क दोनदा घेतला. बातमीही मिळाली. इथल्या पेपरात छोटी चौकट आली होती, 'बेंगळूरचे तळेमंत्री'. सासूबाईंनी ती चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्याकडचेच ना गं हे?" जमीन दुभंगावी असं झालं.

मला अप्पांची दया येत नाही, राग येतो. आई गेल्यावर मला तू वाढवलंस, ते लॉऱ्यांच्या मागे होते. आता माझ्याकडे बघायची वेळ आली तर तळ्याच्या मागे आहेत. लोकांनी कर्ज काढून बांधलेली घरं सोडायला सांगणारे ते कोण? तळं बुजवताना विचारलं होतं का कुणाला?

तू घर अजिबात सोडू नकोस. तुला दुसरं छप्पर नाही, हे त्यांना कळत नसेल तर त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं. पुन्हा आले तर दार लावून घे. सांग, उल्कानं सांगितलंय.

तुझी
उल्का


हुणसेकेरे लेआउट, बेंगळूर
१४ एप्रिल १९९६

चि. सौ. उल्का हिला आशीर्वाद.

दार लावून घे म्हणालीस, पण मी दार लावलं की तो पायरीवर बसतो आणि मी आतून त्याचं खोकणं ऐकत बसते. त्यापेक्षा दार उघडं बरं.

काल इथं जे झालं ते सांगते. आपल्या शेजारचे अनंतय्या मास्तर आठवतात ना, तुला गणित शिकवणारे? त्यांनी घर सोडलं. म्हणजे विकलं नाही, दान केलं. अण्णाची तीच रीत आहे. दानाला जसं उदक सोडतात तसं सोडायचं. अण्णा अंगणात उभा राहून उजवा हात पुढे करतो, तळहात वर. तोच हात गं, लॉरीच्या फाळक्यात सापडून करंगळी अर्धी राहिलेला. मालकानं त्यावर तुळशीचं पान ठेवून पळीनं पाणी सोडायचं आणि म्हणायचं, 'तळ्याचं तळ्याला.' झालं. त्यानंतर त्या घरात पाण्याचा घोटही प्यायचा नाही. मास्तरांची बायको पदरानं डोळे पुसत होती, तरी गेली. कुठं, तर वीटभट्टीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मला अण्णाचा असा संताप आला!

पण उल्का, मी जवळच उभी होते आणि माझी दृष्टी अजून शाबूत आहे. मास्तरांनी पळीभर पाणी सोडलं. अण्णानं हात उपडा केला. खाली थेंब पडला नाही.

मग मास्तरांच्या माडीवरचा भाडेकरू, किरणकुमार, इंदिरानगरच्या कुठल्या ऑफिसात आहे, तो थट्टेनं म्हणाला, "अण्णा, माझं पण घ्या." त्यानंही पाणी ओतलं. ते अण्णाच्या तळहातावर थांबलंच नाही. तेलकट तव्यावरून घरंगळावं तसं खाली गेलं. अण्णा त्याला म्हणाला, "भाडेकऱ्याचं पाणी हातात टिकत नाही, तम्मा. ज्याच्या नावावर आहे त्यानंच सोडायचं असतं." पोरगं हसलं खरं, पण पुढच्या आठवड्यात खोली बदलतोय.

समोरचे मानसिंग, ज्यांचं भांड्यांचं दुकान आहे, ते मात्र भडकले. "अण्णा, तुमचं डोकं स्वल्प फिरलंय. घर माझं, घाम माझा. चला, निघा इथून." अण्णा शांतपणे म्हणाला, "सरी, ठीक आहे. मी नाही सांगत. हात पुढे आला की बघा."

सगळे गेल्यावर मी त्याला विचारलं, हा सोंगाचा प्रकार कशाला? तर म्हणाला, "हेमा, दान घ्यायला कुणीतरी हात पुढे करावा लागतो. तळ्याला हात नाही. म्हणून माझा दिलाय." मग पुन्हा तेच, घर सोड. मी म्हटलं, ओवाळणी आहे ती, नाही सोडत. त्यावर म्हणाला, "आधी तू मनातून सोड. पुढचं मी बघतो." याचा अर्थ मला लागला नाही.

नळाला दिवसाआड पाणी येतं, पण न्हाणीघराच्या मोरीत सारखं गुळगुळ वाजतं. उन्हाळ्यात कसलं पाणी वाजतंय, देव जाणे.

तुझी आत्या


पुणे
२ मे १९९६

तीर्थरूप आत्या,

घाईत लिहिते आहे. विद्याधरची बदली होते की नाही या गडबडीत घर डोक्यावर घेतलंय. हातचलाखी करणारे चौकाचौकात असतात, अप्पांना ती या वयात शिकावीशी वाटली एवढंच.

तरी तुला विचारते. जेवतात का ते? खोकल्याचं लिहिलंस म्हणून. त्यांना गाडीत बसवून माझ्याकडे पाठव. सासूबाईंचं मी बघते. पायरीवर बसायचं तर इथं माझ्या पायरीवर बसा म्हणावं.

उल्का


हुणसेकेरे लेआउट, बेंगळूर
२८ जुलै १९९६

चि. सौ. उल्का हिला आशीर्वाद.

तू इथून गेल्यापासून घर खायला उठतं. ते दिवस दोघींनी कसे काढले, आपल्यालाच ठाऊक. तू बेळ्ळंदूर तळ्याच्या काठावर दिवसभर उभी राहायचीस आणि अग्निशामकवाल्यांच्या होडीकडे बघायचीस, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पाण्यात गेलेला माणूस सापडत नाही असं कसं, हे तू मला विचारलंस. मी काय सांगणार? काठावर फक्त अण्णाची छत्री, तीही न उघडलेली.

तू असताना एक गोष्ट तुला सांगितली नाही. तुझी अवस्था बघून धीर झाला नाही. तो गेला त्याच्या आदल्या दिवशी इथं आला होता. त्या दिवशी मी त्याला चहा दिला, घावन दिलं, त्यानं पोटभर खाल्लं. म्हणाला, "माझा हात एक आणि दारं इतकी. एका दारात बसलो तर दुसऱ्या दारात कोण? सगळीकडे एकदम पोचायचं तर पाण्यातूनच जावं लागेल." मला वाटलं, नेहमीची बडबड. दुसऱ्या दिवशी पहाटे तो बेळ्ळंदूरच्या पाण्यात चालत गेला आणि ती घागरवाली माणसं काठावर बसून राहिली. एकानंही हाक मारली नाही. पोलिसांना म्हणाली, अण्णा हात द्यायला गेलेत. अशी माणसं गोळा केली होती त्यानं. मला त्यांची किळस येते.

आता समिती नाही, घोषणा नाहीत, कुणी फिरत नाही. लोकांना वाटलं, सुटलो. पण उल्का, लेआउटमध्ये ज्यांनी घरं सोडली नाहीत त्यांच्या प्रत्येकाच्या दारात पाणी आहे. पायरीवर, तळहाताएवढं. पुसलं की तासाभरात परत तिथंच. माझ्याही पायरीवर आहे. मी आधी फरशी खचली असेल म्हणून सिमेंट भरलं. सिमेंटवर आलं. मग मी नीट वाकून बघितलं. चार बोटं पुरी उमटलेली आणि करंगळीच्या जागी अर्धंच.

मानसिंगनी दोनदा गवंडी आणला. मग त्यांच्याकडचं पाणी उंबऱ्याच्या आत आलं. मग माजघरात. ते रोज पुसायचे आणि पाणी रोज थोडं पुढे दिसायचं. परवा त्यांच्या उशीवर होतं. काल त्यांनी स्वतःच्या हातानं तुळशीचं पान ठेवून पाणी सोडलं आणि भांड्यांचं दुकान आहे त्या पेठेत भावाकडे गेले. आज त्यांचं घर कोरडं ठणठणीत आहे.

मी रोज पुसत नाही. भोवतीनं रांगोळीची रेघ काढते, कुणाचा पाय पडू नये म्हणून. भावाचाच हात ना तो.

तुझी आत्या


पुणे
२० ऑगस्ट १९९६

तीर्थरूप आत्यास नमस्कार.

पत्र वाचून मी विद्याधरला दिलं. तो इंजिनियर माणूस, म्हणाला, बुजवलेल्या तळ्यावरची घरं, पावसाळा, जमिनीतलं पाणी वर चढणारच. त्यात नवल नाही, नवल एवढंच की इतकी वर्षं चढलं नाही. आकार म्हणशील तर माणूस ढगातही घोडे बघतो. तू एकटी आहेस, शोक ताजा आहे, मन काहीही दाखवतं. रागावू नकोस. मलाही इथं रस्त्यात पांढरा पंचा दिसला की वाटतं, अप्पा.

मी स्पष्टच विचारते. तू पुण्याला येतेस का? कायमची. आमच्या दोन खोल्यांत दाटी होईल, पण तू असशील तर मला दाटीच हवी आहे.

घराबद्दलही बोलायला हवं. विद्याधरच्या ओळखीचा एक बिल्डर तिकडे जुन्या घरांच्या जागा घेतो आहे. आत्ता नको, दिवाळीनंतर बोलू. तुझ्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही, एवढं लक्षात ठेव.

तुझी
उल्का


मुक्काम होसकोटे
१८ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. उल्का हिला आशीर्वाद.

पत्ता बघून दचकू नकोस. मी होसकोट्याला अंबुबाईंकडे आले आहे. यांच्या चुलतबहीण त्या, तुझ्या लग्नात मोठ्यानं मंगलाष्टकं म्हणणाऱ्या. एकट्याच असतात. मागची खोली मला दिली आहे. खिडकीतून कारखान्याचं धुराडं दिसतं, पण जमीन कोरडी आहे.

भाऊबीजेची गोष्ट सांगते. भाऊ नसला की चंद्राला ओवाळायचं, ही आपली रीत. गेल्या वर्षापर्यंत मला कधी तशी वेळ आली नव्हती. अण्णा कितीही कामात असला तरी त्या दिवशी यायचा, लॉरी दारात उभी करायचा आणि हॉर्न वाजवायचा. या वर्षी मी ताट केलं आणि तिन्हीसांजेला दारात गेले. आपलं दार पश्चिमेला. बीजेची कोर घरांवर टेकली होती. मी निरांजन वर केलं आणि हात थांबला. चंद्राला ओवाळलं म्हणजे अण्णा नाही असं मीच म्हटल्यासारखं होतं. आणि तो तर पायाशी होता. त्या तळहाताएवढ्या पाण्यात ती कोर दिसत होती.

मी खाली बसले आणि त्या हाताला ओवाळलं. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. पाण्यात पडलेल्या अक्षता बुडाल्या नाहीत गं, हातावर ठेवल्यासारख्या राहिल्या. मग मला जे रडू आलं ते आवरेना. वर्षभर तो एकच गोष्ट मागत होता आणि मी नाही म्हणत होते. मी म्हटलं, अण्णा, दर वर्षी तू घालतोस, या वर्षी माझी ओवाळणी. तुळशीचं पान ठेवलं आणि पळीनं पाणी सोडलं, 'तळ्याचं तळ्याला.' म्हातारीचा हात थरथरला असेल, पाणी पायरीवरून घरंगळून अंगणात गेलं. पण सकाळी उठून बघते तर पायरी कोरडी. भोवतीची रांगोळी तेवढी होती, जशीच्या तशी.

माझं मन आता शांत आहे. रीतीप्रमाणे त्या घरात पाणी प्यायचं नाही, म्हणून त्याच दिवशी निघाले. कपाट, देव आणि तुझा लहानपणचा पाळणा बरोबर आणला. बाकी सगळं सोडलं. तू रागावशील, ठाऊक आहे. पण घर मला ओवाळणीत मिळालं होतं आणि मी ते ज्याचं त्याला दिलं.

तुझी आत्या


पुणे
५ डिसेंबर १९९६

आत्या,

नमस्कार. पत्र वाचून इतका राग आला की आठ दिवस लिहिलं नाही.

तुला कोणी सांगितलं की ते घर तुझं होतं? ताटात किल्ली टाकली म्हणजे घर झालं? खरेदीखत कुणी केलं, घरपट्टी कुणाच्या नावानं येते, एकदा तरी बघितलंस का? आपल्या घरात सगळं असंच. बहिणीनं कागद मागायचा नाही, भावानं द्यायचा नाही आणि दोघं बहीणभाऊ खूश. जूनमध्ये आले तेव्हा तुझ्याच कपाटातल्या पिशवीत मी कागद बघितले. ती जागा अप्पांनी माझ्या नावावर घेतली होती, मी शाळेत होते तेव्हा. लेआउटमधला पहिला प्लॉट पोरीच्या नावानं, म्हणून. पुढे ते विसरले असतील किंवा त्यांना ते महत्त्वाचं वाटलं नसेल. घर माझं आहे, आत्या. मी हे तुला कधीच सांगितलं नसतं. तू जिवंत आहेस तोवर तिथं तूच राहणार होतीस. पण तू ते सोडून अंबुबाईंच्या मागच्या खोलीत जाऊन बसलीस, एका ओल्या डागासाठी.

आता मी बिल्डरला हो म्हटलं आहे. जानेवारीत सह्या. तुझ्यासाठी इथं तळमजल्यावर एक खोली बघितली आहे, तिथं तू राहा. मला तुझी काळजी वाटते म्हणून रागावते, हे तुला कळायला हवं.

इथं बाकी ठीक. नवीन ठेवलेली जिना पुसणारी बाई अगदी आळशी आहे, दाराशी पाणी तसंच टाकून जाते. विद्याधर काल घसरता घसरता वाचला. ती कधी येऊन जाते तेच कळत नाही, नाहीतर चांगलं सुनावलं असतं.

उल्का


मुक्काम होसकोटे
१४ डिसेंबर १९९६

चि. उल्का,

रागाचं नंतर. मी चुकले असेन, पण ते नंतर.

तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता ना? मला सांग, ते पाणी जिन्यात आहे की फक्त तुमच्याच दारात? बाईला विचार, ती शेवटचं कधी पुसून गेली. आणि वाकून बघ. विद्याधररावांना बघायला सांगू नकोस, तू बघ. अप्पांचा हात तुला माझ्यापेक्षा जास्त ओळखू येईल.

काल मी अंबुबाईंना घेऊन लेआउटमध्ये गेले होते. बिल्डरच्या माणसांनी अंगणात माती तपासायला खड्डा घेतला आहे. तो काठोकाठ भरलाय. आजूबाजूला सगळं कोरडं आणि आपल्याच अंगणात पाणी. तिथं उभी राहिले आणि मला अण्णाचं बोलणं आठवलं. भाडेकऱ्याचं पाणी हातात टिकत नाही म्हणाला होता ना तो. माझंही टिकलं नव्हतं, उल्का. घरंगळून गेलं होतं. मी स्वतःची समजूत घातली की हात थरथरला. 'आधी तू मनातून सोड, पुढचं मी बघतो,' म्हणाला होता. पुढचं म्हणजे तू, हे मला आत्ता कळलं. तो विसरला नव्हता, कुणाच्या नावावर आहे ते.

मी त्याला पायरीवरून उठवून तुझ्या दारात पाठवलं. मला फार भीती वाटते.

सह्या करू नकोस. तुळशीचं पान, पळीभर पाणी आणि 'तळ्याचं तळ्याला' एवढंच म्हणायचं. लगेच कर. मानसिंगांसारखं पुसत बसू नकोस. पत्र मिळताच उलट टपाली लिही.

आत्या


पुणे
२ जानेवारी १९९७

तीर्थरूप आत्यास उल्काचा नमस्कार.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उलट टपाली लिही म्हणाली होतीस, जमलं नाही.

बाईबद्दल शेजारी विचारलं. ती दिवाळीपासून आलेलीच नाही, गावी गेली आहे. जिना धुळीनं भरलाय. मी इतके दिवस तिला नावं ठेवत होते आणि धूळ माझ्या डोळ्यांपुढे होती.

मग मी वाकून बघितलं. तू लिहिलंस तसंच आहे. चार बोटं आणि अर्धी करंगळी. मला वाटलं होतं मी किंचाळेन. पण मला आठवलं, लहानपणी रस्ता ओलांडताना मी अप्पांची तीच करंगळी धरायचे. अर्धी असल्यामुळे ती माझ्या मुठीत बरोबर मावायची. ते पुढे बघत चालायचे, माझ्याकडे बघायचे नाहीत, पण हात सोडायचे नाहीत. मी जिन्यातच बसले आणि त्या पाण्यावर हात ठेवला. बर्फासारखं गार आहे. त्याला चिंचेच्या पाल्याचा वास येतो.

बिल्डरला मी नकार कळवला. विद्याधर दोन दिवस बाहेरच जेवला, आता निवळलाय. घर गेलं तर जाऊ दे, त्याचं मला खरोखर काही वाटत नाही. तू सांगितल्याप्रमाणे तुळशीचं पान आणून ठेवलं आहे. रोज सकाळी पळीत पाणी घेते आणि दाराशी जाते.

पण आत्या, पाणी सोडलं की तो हात जाईल ना? मानसिंगांचं घर कोरडं ठणठणीत झालं, तुझी पायरी कोरडी झाली. अप्पा माझ्या लग्नानंतर एकदाही या दारात आले नव्हते. मी कधी बोलावलंच नाही. मे महिन्यात तुला लिहिलं होतं, माझ्या पायरीवर बसा म्हणावं. तू सांगितलं असशील त्यांना.

म्हणून मी अजून सोडलेलं नाही. आज सोडते, उद्या सोडते असं चाललंय. विद्याधर विचारतो, घरात हा ओला वास कसला, तर मी त्याला बाईचं नाव सांगते.

काल सकाळी पाणी उंबऱ्याच्या आत आलं होतं. तू घाबरशील, पण तुझ्यापासून लपवणार नाही. मी ते पुसलं नाही. चपलांचा स्टँड जरा सरकवला आणि जागा करून दिली.

तुझी
उल्का